विजेची शिदोरी

प्रवासाला निघताना शिदोरी बांधून घेण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. त्या शिदोरीचा एक मोठा गुण असा, की गाठोडे सोडून पाहिले म्हणजे काय उरले आहे ते तत्काळ कळते. दोन दशम्या शिल्लक असल्या तर त्या दोनच दिसतात, आणि त्यांपैकी एखादी विटली असली तर तेही नाकाला समजते. परंतु माणूस जेव्हा विजेची शिदोरी बरोबर घेऊन हिंडू लागला, तेव्हा हा गुण नाहीसा झाला. बॅटरीची पेटी भरलेली असो वा रिकामी, तिचे रूप तेच आणि तराजूतले वजनही तेच. आत काय शिल्लक आहे हे बाहेरून उमगत नाही, आणि जेव्हा उमगते तेव्हा बहुधा रात्र पडलेली असते.

युरोपात आणि अमेरिकेत कॅम्परव्हॅन नावाची जी फिरती घरे असतात, त्यांतील लोकांना या अडचणीचा अनुभव वरचेवर येतो. मोटारीतच निजण्याची जागा, लहानसा ओटा, दिवे, पाण्याचा पंप, थंडीत हवा उबदार करणारा पंखा, एखादे छोटे शीतकपाट, असा हा संसार असतो. एंजिन सुरू करणारी बॅटरी या संसारासाठी वापरली तर सकाळी गाडीच चालू व्हावयाची नाही. म्हणून घरकामासाठी दुसरी, स्वतंत्र बॅटरी ठेवतात. तिला इंग्लंडात जे नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘फुरसतीची बॅटरी’ असा होतो. नाव मोठे गमतीचे. कारण त्या बॅटरीला स्वतःला फुरसत अशी कधी नसते, आणि तिच्याकडे फुरसतीने पाहिले नाही तर ती मालकाचीही फुरसत घालविते.

विजेची ही पेटी कशी बनली, हा इतिहास पुष्कळांनी सांगितला आहे. तिच्या पोटात काय आहे हे ओळखावयास माणूस कसा शिकला, हा इतिहास मात्र सहसा सांगितला जात नाही. आज तोच आपल्यापुढे मांडावयाचा आहे. कारण माझ्या मते बॅटरीचा खरा इतिहास साठवणुकीइतकाच पडताळणीचा इतिहास आहे.

आरंभ इटलीत होतो. अलेस्सांद्रो व्होल्टा याने २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना एक पत्र लिहिले आणि आपल्या नव्या साधनाची हकीकत कळविली. जस्ताची चकती, तिच्यावर चांदीची, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेला पुठ्ठा, अशी चळत एकावर एक रचली की तिच्या दोन टोकांमधून विजेचा अखंड प्रवाह मिळतो, हा त्याचा शोध. वीज प्रवाहरूपाने हाती आली ती या दिवसापासून. पण व्होल्टाची चळत म्हणजे कोठार नव्हे. ती एकदा संपली की संपली. तिच्यातील जस्त झिजले की नवे घालावयाचे. बाहेरची वीज आत भरावी आणि हवी तेव्हा काढावी, ही कल्पना पुढची आहे. जर्मनीत योहान रिटर याने १८०३ च्या सुमारास एकाच धातूच्या चकत्यांची चळत रचली, तिच्यात व्होल्टाच्या चळतीतून वीज सोडली, आणि नंतर ती चळत स्वतःच थोडा वेळ वीज देऊ लागल्याचे पाहिले. बीज येथे पडले; रोप उगवावयास मात्र पन्नासाहून अधिक वर्षे लागली.

ते उगवले पॅरिसमध्ये. गास्ताँ प्लाँते हा तेथील कला व हुन्नर यांच्या संग्रहशाळेत एद्मों बेकेरेल या शास्त्रज्ञाचा साहाय्यक होता. जन्म १८३४ चा. १८५५ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्याला पॅरिसजवळ एका प्रचंड लुप्त पक्ष्याचे अवशेष सापडले, आणि त्या पक्ष्याला त्याच्याच नावावरून ‘गास्तॉर्निस’ हे नाव मिळाले. त्यानंतर हा तरुण विजेकडे वळला. १८५९ मध्ये त्याने शिशाचे दोन लांब पत्रे घेतले, ते एकमेकांना चिकटू नयेत अशी मध्ये आडकाठी ठेवली, दोन्हींची मिळून वळकटी केली आणि ती पातळ गंधकाम्लात बुडविली. तिच्यातून वीज सोडली की एका पत्र्यावर चॉकलेटी रंगाचा थर चढे. वीज बंद करून दोन्ही टोके जोडली की तीच वळकटी उलट वीज देऊ लागे. १८६० मध्ये अशा नऊ घटांची माळ त्याने फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवली.

प्लाँतेच्या घटाला घडविण्याची एक विलक्षण रीत होती. नवा घट फारच थोडी वीज साठवी. तो पुनःपुन्हा भरावा, रिता करावा, उलट दिशेने भरावा, काही दिवस स्वस्थ ठेवावा आणि पुन्हा भरावा, असे महिनोन्‌महिने केले की पत्र्याचे पृष्ठ सच्छिद्र होई व घटाची कुवत वाढत जाई. संयमाने घडविलेली वस्तू हेळसांडीने बिघडते, हा बॅटरीचा धर्म तिच्या जन्मातच दिसून आला. शिवाय त्या काळी एक मोठी अडचण होती. कोठार तयार झाले, पण त्यात भरावयाला धान्यच नव्हते! घट भरावयाचा तर दुसऱ्या रासायनिक घटांतूनच. म्हणजे एका रांजणातले पाणी दुसऱ्यात ओतण्यासारखाच हा प्रकार. वर्नर सीमेन्स व इतरांनी १८६६-६७ मध्ये डायनॅमोचे तत्त्व सिद्ध केले, १८७१ मध्ये ग्रामचे यंत्र आले, आणि वाफेच्या बळावर वीज मुबलक निघू लागली. तेव्हा कुठे कोठाराला अर्थ आला.

यानंतरचे १८८१ हे वर्ष या कथेचा मध्यबिंदू होय. कामीय फोर या फ्रेंच रसायनज्ञाने शिशाच्या पत्र्यावर शेंदराचा, म्हणजे शिशाच्याच तांबड्या भस्माचा, लेप देण्याची युक्ती काढली. जो सच्छिद्र थर घडवावयाला प्लाँतेला महिने लागत, तो आता थापून तयार होऊ लागला. फोरच्या चार घटांची एक भरलेली पेटी त्या वर्षी मे महिन्यात पॅरिसहून ग्लासगोला सर विल्यम थॉमसन यांच्याकडे नेण्यात आली. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्धीस आले ते हेच. पेटी सुमारे तीन दिवस वाटेत होती. विजेची शिदोरी अशी ही बहुधा पहिलीच! तिच्यात दहा लाख फूट-पौंड इतकी ऊर्जा असल्याचे वर्तमानपत्रांतून गाजले. पेटीतील एका घटाच्या साहाय्याने ग्लासगोत एका मुलाच्या जिभेवरील गाठही तापलेल्या तारेने काढून टाकण्यात आली.

दहा लाख हा आकडा ऐकून त्या काळचे लोक थक्क झाले. आजच्या विजेच्या बिलावरील भाषेत सांगावयाचे तर ती सुमारे ०.३८ युनिट वीज होती. आजच्या कॅम्परव्हॅनमधील १२ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-तासांच्या साध्या बॅटरीवर याच्या तिपटीहून अधिक, म्हणजे १.२ युनिट, इतकी कुवत छापलेली असते. परंतु आकड्याच्या मोठेपणापेक्षा त्यामागची वृत्ती महत्त्वाची. थॉमसन यांनी पेटीचे कौतुक केले, तसे तिला मोजावयासही घेतले. किती वीज घातली, किती परत आली, भरभर काढली तर किती मिळते, सावकाश काढली तर किती, याचा हिशोब त्यांना हवा होता. आणि योगायोग असा, की त्याच वर्षी पॅरिसला विद्युत्-शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली व तिने व्होल्ट, ओहम, ॲम्पिअर, कूलोम ही मापे सर्व देशांसाठी मान्य केली. कोठार आणि त्याचे माप, दोन्ही एकाच साली जगापुढे आली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडन-ब्रायटन मार्गावर ‘बिआट्रिस’ नावाच्या पुलमन डब्यात विजेचे दिवे लागले. डब्याखाली फोरचे घट होते. चाकांवर चालणाऱ्या खोलीत साठविलेल्या विजेचा उजेड पडला तो तेव्हा. कॅम्परव्हॅनच्या बॅटरीची वंशावळ शोधीत गेल्यास ती या डब्याशी येऊन पोहोचते.

आता असे वाटेल की पुढे सर्व सुरळीत झाले असेल. तसे झाले नाही. बॅटऱ्या बनविणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले, भांडवलदारांनी भाग विकत घेतले, आणि थोड्याच काळात तक्रारींचा पाऊस सुरू झाला. थापलेला लेप गळून पडे. अर्धवट रिकामी राहिलेली बॅटरी काही आठवड्यांत निकामी होई. जाहिरातीत सांगितलेली कुवत प्रत्यक्षात मिळत नसे. १८८३ मध्ये एडिसनने या सर्व व्यवसायावर कडक शब्दांत टीका केली. साठवणुकीची बॅटरी हे कंपन्या काढून लोकांना फसविण्याचे साधन आहे, आणि माणूस या धंद्यात शिरला की त्याच्यातली खोटे बोलण्याची सुप्त शक्ती जागी होते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. हा एडिसन पुढे स्वतःच बॅटरीच्या नादी लागला, शिशाऐवजी लोखंड व निकेल वापरून पाहू लागला आणि त्यात त्याची सुमारे दहा वर्षे गेली, हा दैवाचा विनोद निराळा. पण त्याच्या रागात तथ्य होते. ज्या मालाची पारख गिऱ्हाइकाला करता येत नाही, त्या मालाच्या बाजारात असत्य फार लवकर शिरते.

या असत्यावर उतारा सापडला तो रसायनशास्त्रात. जॉन ग्लॅडस्टन आणि आल्फ्रेड ट्राइब या दोन इंग्रज रसायनज्ञांनी १८८२ च्या सुमारास घटाच्या पोटात काय घडते ते उलगडून दाखविले. घट वीज देतो तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे गंधकीय लवण, म्हणजे लेड सल्फेट, साचते. त्यासाठी लागणारे गंधक आम्लातून येते, आणि मागे पाणी उरते. घट भरताना याच्या उलट होते. यातून एक अतिशय उपयुक्त गोष्ट निष्पन्न झाली. घट जसजसा रिता होईल तसतसे आम्ल पातळ होत जाणार. म्हणजे आम्लाचा दाटपणा मोजला की शिल्लक कळणार!

दाटपणा मोजण्याचे साधन तर पूर्वीपासूनच होते. द्रवात तरंगणारी काचेची नळी दाट द्रवात वर राहते, पातळ द्रवात खाली जाते. फ्रान्समध्ये आंत्वान बोमे याने १७६८ मध्ये अशा नळीवर नेमक्या खुणा आखल्या होत्या. रबरी फुग्याच्या पिचकारीत तीच नळी बसविली आणि हायड्रोमीटर तयार झाला. मोटार दुरुस्तीच्या दुकानात आपण तो पाहिला असेल. पूर्ण भरलेल्या बॅटरीत आम्लाची घनता पाण्याच्या १.२६ ते १.२८ पट असते, निम्म्यावर आली की १.२० च्या आसपास, आणि १.१२ झाली म्हणजे पेटी रिकामी समजावी. उष्ण प्रदेशांसाठीच्या बॅटऱ्यांत हे आकडे थोडे खालचे धरतात. सहा घटांपैकी एकाचाच आकडा इतरांहून बराच खाली दिसला, तर दोष त्या घटात आहे हेही कळते. लहान मुलाच्या खेळण्यासारखे दिसणारे हे साधन म्हणजे बंद कोठाराला पडलेली पहिली खिडकी होय.

दुसरी खिडकी विजेच्या मापांची. १८८८ मध्ये एडवर्ड वेस्टन याने अमेरिकेत हाती घेऊन फिरता येईल अशी अचूक मापक यंत्रे बनविण्याचा कारखाना काढला, आणि व्होल्टमापक प्रयोगशाळेतून बाहेर आला. परंतु व्होल्टमापकाने मोठाच घोटाळाही केला, आणि तो आजही चालू आहे. नुकत्याच भरलेल्या बॅटरीला तो लावला तर आकडा फुगलेला दिसतो. दिवे लावून पाहिला तर पडलेला दिसतो. दोन्ही आकडे खरे, पण दोन्हींवरून काढलेला निष्कर्ष खोटा. धावून आलेल्या माणसाची नाडी पाहून त्याला ज्वर आहे असे म्हणण्यासारखेच ते होय. बॅटरीला भरणेही नाही आणि काढणेही नाही अशा स्थितीत काही तास, शक्य तर रात्रभर, विसावू द्यावे आणि मग मोजावे. त्या वेळी १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि ११.९ च्या खाली गेली म्हणजे जवळजवळ रिती. पूर्ण आणि रिते यांत अवघ्या पाऊण-एक व्होल्टाचे अंतर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे आकडा दशांशापर्यंत का वाचावा लागतो ते कळेल.

तिसरी गोष्ट १८९७ मध्ये जर्मनीच्या व्हिल्हेल्म पॉइकर्ट याने दाखविली. वीज जितक्या घाईने काढावी तितकी एकूण कमी मिळते. १०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी ५ ॲम्पिअरने २० तास चालेल. पण त्रैराशिकाच्या भरवशावर तिच्यातून २० ॲम्पिअर काढू लागलो तर ५ तासांऐवजी चारच्या आतबाहेरच ती संपेल. उधळ्याला संपत्ती कमी पडते, हे नीतिवचन येथे गणिताच्या सूत्रात बसले आहे.

या ज्ञानाचा विस्तृत उपयोग झाला तो आगगाड्यांत, आणि येथे आपला देश या कथेत येतो. इंग्लंडातील स्टोन कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात डब्याच्या आसाला पट्टा जोडून त्यावर डायनॅमो फिरविण्याची पद्धत बसविली. गाडी धावत असेल तेव्हा डायनॅमो दिवे लावी आणि बॅटरीही भरी. गाडी थांबली की बॅटरी दिवे सांभाळी. हिंदुस्थानच्या लोहमार्गांवर ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. नागपूरहून दिल्लीला किंवा पुण्याहून मद्रासला जाणारी गाडी एखाद्या आडस्टेशनात ताटकळत राहिली, की डब्यातले दिवे हळूहळू पिवळे पडत आणि पंखे मंदावत. मग गाडीने वेग घेतला की ते पुन्हा उजळत. ज्यांनी हे पाहिले आहे त्यांना कॅम्परव्हॅनची सारी व्यवस्था वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. त्या डब्यांखालच्या लाकडी पेट्या उघडून, प्रत्येक घटाचे आम्ल हायड्रोमीटरने तपासून, आकडे वहीत टिपणारे रेल्वेचे कामगार हे या शास्त्राचे अज्ञात पुजारी होत. प्रवाशांच्या डोळ्यांना ते क्वचितच पडले. पण रात्रीच्या उजेडाचे श्रेय त्यांच्या त्या वहीला होते.

मोटारीचा इतिहास थोडा वेगळ्या वाटेने गेला. १९१२ साली चार्ल्स केटरिंग याने सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत बसला आणि हाताने दांडा फिरविण्याचे कष्ट व धोके संपले. या कामासाठी बॅटरीने दोन-चार सेकंद प्रचंड प्रवाह द्यावा आणि लगेच पुन्हा भरून घ्यावी, एवढीच अपेक्षा. त्यासाठी पातळ व पुष्कळ पट्ट्या लागतात. उलट रात्रभर दिवे जाळावयाचे तर जाड पट्ट्या आणि घट्ट लेप हवा. एक आखाड्यातला पहिलवान, दुसरा पंढरीच्या वाटेवरचा वारकरी. पहिलवानाला वीस दिवस चालावयास लावले तर तो आजारी पडेल. वारकऱ्याला कुस्तीत उतरविले तर तो चीत होईल. एंजिनाची बॅटरी वारंवार तळापर्यंत रिती केली तर ती थोड्याच काळात कामातून जाते, ही गोष्ट फिरत्या घरांच्या मालकांना पैसे मोजून शिकावी लागली.

फिरते घर ही कल्पना अर्थात मोटारीच्या आधीची. डॉ. गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश लेखकाने ब्रिस्टलच्या कारखान्यात ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची घरगाडी बांधून घेतली आणि १८८५ मध्ये तीत बसून इंग्लंडातून स्कॉटलंडपर्यंत भ्रमण केले. केवळ हौसेसाठी बांधलेल्या पहिल्या गाड्यांत तिची गणना होते. तिला विजेची गरज नव्हती. १९५० मध्ये जर्मनीत व्होल्क्सवागनची पेटीसारखी गाडी निघाली, आणि १९५१ मध्ये वेस्टफालिया कारखान्याने तिच्यात बसविण्याजोगा संसाराचा संच विकावयास काढला. त्या गाडीत तेव्हा ६ व्होल्टची बॅटरी असे. रात्री वाचीत बसणे आणि सकाळी निघणे या दोन्हींचा भार तिच्यावर टाकणे धोक्याचे होते. पुढे दुसरी बॅटरी आली. एंजिन चालू असेल तेव्हाच दोन्ही जोडावयाच्या व बंद होताच त्यांची फारकत करावयाची, असा आपोआप चालणारा खटका आला. सरकारी भाषेत सांगायचे तर दोन खात्यांचे अंदाजपत्रक वेगळे झाले, आणि एका खात्याची तूट दुसऱ्यावर ढकलण्याची सोय बंद झाली.

हिशोब वेगळा झाला तरी तपासणी चुकत नाही. अशा बॅटरीची परीक्षा आजही चार पायऱ्यांनी होते. पहिली डोळ्यांची: पेटी फुगली आहे काय, टर्मिनलवर पांढरे-हिरवे भस्म चढले आहे काय, पट्ट्या पाण्याखाली आहेत काय. दुसरी विसाव्यानंतरच्या व्होल्टची. तिसरी हायड्रोमीटरची, जेथे बूच उघडता येते तेथे. आणि चौथी, सर्वांत खरी, कुवतीची. बॅटरी पूर्ण भरावी, विसावू द्यावी, आणि मोटारीच्या पुढच्या दिव्यातला ६० वॅटचा बल्ब तिला जोडावा. तो सुमारे ५ ॲम्पिअर घेतो. व्होल्ट १०.५ वर येईपर्यंत किती तास गेले ते घड्याळावर मोजावे. १०० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीने २० तास काढले तर ती धडधाकट. १६ च्या खाली आली तर तिच्या निवृत्तीचा काळ आला असे समजण्याचा संकेत आहे. परीक्षा संपताच ती पुन्हा भरावी. रिती ठेवणे म्हणजे परीक्षेच्या निमित्ताने विद्यार्थ्याला उपाशी मारणे होय.

कारण बॅटरीचा खरा शत्रू वापर नसून विस्मरण आहे. रिती राहिलेल्या पट्ट्यांवरचे मऊ लवण काही आठवड्यांत टणक स्फटिक बनते आणि मग ते भरण्याला दाद देत नाही. न वापरलेली बॅटरीही स्वतःशीच झिजत असते, आणि उन्हाळ्यात अधिक वेगाने. थंड देशांत आणखी एक संकट असते. भरलेल्या बॅटरीचे आम्ल कडक हिमातही गोठत नाही. रितीचे मात्र शून्याखाली दहा अंशांच्या आसपासच गोठून पेटी फुटते. म्हणून हिवाळ्यात गाडी उभी करून ठेवणारा शहाणा मालक महिन्यातून एकदा तरी बॅटरी पुरी भरतो, पाणी घालावयाचे तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालतो, आणि निम्म्याखाली तिला सहसा उतरू देत नाही. भरताना हायड्रोजन निघतो, म्हणून खिडकी उघडी आणि ठिणगी दूर.

नव्या काळात कोठाराच्या खिडक्या पुन्हा बंद होऊ लागल्या आहेत. १९५७ मध्ये जर्मनीत ओटो याखे याने आम्ल घट्ट करून चिकट गोळ्यासारखे केले. १९७० च्या दशकात अमेरिकेत काचतंतूंच्या पातळ गादीत आम्ल शोषून ठेवणाऱ्या मोहोरबंद बॅटऱ्या निघाल्या. पाणी घालावयास नको, ही मोठी सोय; पण हायड्रोमीटर घालावयास जागा नाही, ही तिची किंमत. नंतर १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून लोह-फॉस्फेटाची लिथियम बॅटरी पुढे आली. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अक्षय पाढी हे भारतीय होते. ही बॅटरी हलकी, दीर्घायुषी आणि बरीच खोलवर वापरता येणारी. पण तिचे व्होल्ट जवळजवळ अखेरपर्यंत सपाट राहतात, आणि शेवटी एकदम कोसळतात. तेव्हा व्होल्टमापकही मुका झाला. मग उपाय काय? आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रत्येक ॲम्पिअर-तास टिपून ठेवणारा लहानसा मापक तारेत बसवितात. जमा, खर्च, शिल्लक. थॉमसन यांना १८८१ मध्ये जो हिशोब हवा होता, तोच आता अंगठ्याएवढ्या यंत्रात चालू आहे. आणि त्या यंत्रालाही अधूनमधून बॅटरी पूर्ण भरून पुन्हा जुळवून घ्यावे लागते. न पडताळलेली वही तीही हळूहळू चुकत जाते.

कोणी म्हणेल, परदेशातील हौशी प्रवाशांच्या या गोष्टीशी आपणास काय कर्तव्य? आपल्यापैकी अनेकांच्या घरी जिन्याखाली किंवा बाल्कनीच्या कोपऱ्यात इन्व्हर्टरची बॅटरी असते. जाड नळ्यांच्या पट्ट्यांची ती बॅटरी म्हणजे फुरसतीच्या बॅटरीची सख्खी बहीणच होय. तिचे पाणी शेवटचे कधी पाहिले, हे आठवून पाहावे. वीज जाते, दिवा पाच मिनिटांत विझतो, आणि दोष बॅटरीवाल्याला दिला जातो. पुष्कळदा तो दोष त्याचा नसतो.

येथे प्रश्न नुसत्या पैशांचाही नाही. बॅटरी निकामी झाली म्हणजे तिच्यातील शिसे कोठेतरी वितळविले जाते. ते योग्य कारखान्यात गेले तर जवळजवळ सर्व शिसे पुन्हा नव्या बॅटरीत येते. आडबाजूच्या उघड्या भट्टीत गेले तर त्याचा धूर आणि धूळ तेथील मजुरांच्या व मुलांच्या रक्तात उतरते, आणि मुलांच्या बुद्धीच्या वाढीला त्यापासून अपाय होतो. आपल्या देशात यासाठी २००१ मध्ये नियम झाले आणि त्यांची जागा २०२२ च्या नव्या नियमांनी घेतली. त्या नियमांची अंमलबजावणी व्हावी हे खरेच. पण आठ वर्षे चालू शकणारी बॅटरी हेळसांडीने तीन वर्षांत मारली, तर त्या भट्टीला आपण दुप्पट-तिप्पट सरपण पुरविले असेच होते.

व्होल्टाच्या चळतीपासून आजच्या लिथियमच्या पेटीपर्यंत सव्वादोनशे वर्षे लोटली. या काळात पेटी दर पिढीला अधिक समर्थ झाली आणि दर पिढीला अधिक बंद झाली. तिच्या पोटातले सत्य मात्र नेहमी एकाच मार्गाने बाहेर आले: कोणीतरी धीर धरून तिला विसावू दिले, मोजले, आणि आकडा लिहून ठेवला. शिदोरी बांधून देणारी माउली वाट किती लांबची आहे ते आधी विचारीत असे. विजेच्या शिदोरीबाबत तो विचार आपला आपणच करावयाचा आहे, आणि तोही दिवस मावळण्यापूर्वी.